आईच्या रबर प्लांटचं पान जगलंय पण दहा महिने झाले कोंबच येत नाही, काय करू?

गच्चीतली_कुंडी · 24 जून

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. सांगलीला आमचं जुनं घर आहे. आई मागच्या वर्षी गेली, आता घर विकायचं ठरलंय आणि दिवाळीनंतर ताबा द्यायचाय. परसात आईने लावलेला रबर प्लांट आहे, मी पाचवीत असताना तिने छोट्या कुंडीत आणला होता, मग मुळं कुंडी फोडून खाली जमिनीत गेली आणि आता तो वरच्या मजल्याच्या खिडकीला टेकलाय. ते झाड उपटून पुण्याला आणणं शक्य नाही म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये चार पानं देठासकट तोडून आणली आणि काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली. तीन कुजली. एकाला छान पांढऱ्या मुळ्या आल्या, ते कोकोपीट आणि गांडूळखतात लावलं. आज दहा महिने झाले, पान अजून हिरवंगार चकचकीत आहे, हलवून बघितलं तर घट्ट बसलंय, पण कोंब नाही म्हणजे नाहीच.

आणि मला न कळणारी गोष्ट ही की त्याच दिवशी आईच्याच ब्रह्मकमळाचं एक पान असंच मातीत खोचलं होतं, त्याला दीड महिन्यात फुटवा आला, आता तीन हात झालंय. मग याला काय होतंय?

दुसरं म्हणजे तिचा पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट. त्याचे पान कापून तुकडे लावले, पिल्लं आली, पण सगळी साधी हिरवी, एकालाही पिवळी कड नाही. उन्हात ठेवलं तरी नाही. माझं काही चुकलं का?

ताई जर्मनीला असते, तिलाही आईच्या झाडाचं एक रोप हवंय. हातात चार महिने आहेत. कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

हिरवा_कोपरा · 24 जून

ताई, मला वाटतं खत कमी पडतंय. नुसत्या कोकोपीटमध्ये काही ताकद नसते. 19:19:19 एक लिटर पाण्यात अर्धा चमचा टाकून पंधरा दिवसांनी देऊन बघा, माझ्या फिलोडेंड्रॉनला त्यानेच कोंब आले होते.

मातीचे_हात · 24 जून

हिरवा_कोपरा, तुमच्या फिलोडेंड्रॉनच्या कटिंगला पेर, म्हणजे खोडावर पान फुटतं तो सांधा, होतं म्हणून खताचा उपयोग झाला. इथे खताचा प्रश्न नाहीये. ताई, वाईट वाटेल ऐकून पण त्या पानातून झाड होणार नाही, कितीही वर्षं थांबलात तरी.

कारण सांगतो. पान जिथे खोडाला चिकटतं ना, त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, नवीन फांदी येते ती त्या डोळ्यातून. तुम्ही देठ ओढून तोडलात तेव्हा डोळा झाडावरच राहिला. रबर प्लांटचं पान मुळ्या फोडू शकतं, पण नवीन डोळा तयार करू शकत नाही. त्यामुळे खाली मुळ्या वर पान, पाणी पितंय, अन्न बनवतंय, जगतंय, पण वाढायला जागाच नाही. फेब्रुवारीत नर्सरीत बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत लावून विकतात बघा, होया नावाच्या वेलाचं, त्याचंही बहुतेक वेळा हेच होतं, लोक तीन तीन वर्षं पाणी घालत बसतात.

आता ब्रह्मकमळ. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड ते, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते. तर आपल्या घरच्या ब्रह्मकमळाच्या कडेला ज्या खाचा असतात त्या प्रत्येक खाचेत डोळा असतो, फूलही तिथूनच लटकतं आणि फुटवाही तिथूनच. म्हणून तुमचं एका झटक्यात आलं. पानफुटीचं उलट, तिथे पान खरंच पान आहे पण कडेच्या खाचांत बाळरोपं तयार व्हायची सोय आधीच केलेली असते.

आफ्रिकन व्हायोलेट, रेक्स बिगोनिया, झीझी, स्नेक प्लांट ही झाडं पानातून नवा कोंब घडवू शकतात. झीझी तर आधी मातीत बटाट्यासारखी छोटी गाठ बनवतं आणि मग कित्येक महिन्यांनी वर येतं, तिथे थांबण्यात अर्थ आहे. रबर, मॉन्स्टेरा, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन यांना पेर पाहिजेच. माझा एकच नियम आहे, कात्री उचलायच्या आधी डोळा कुठे आहे ते बोट लावून शोधायचं.

रबरला छाट कलमही होते, म्हणजे फांदी कापून थेट मातीत लावायची, पण आईचं झाड आहे आणि वेळ मोजका आहे तर गुटी बांधा. त्यात फांदी झाडावरच असते, मुळ्या आल्याशिवाय आपण कापतच नाही.

गुटीवाला_सांगोला · 25 जून

मातीचे_हात यांनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडे डाळिंबाची रोपं गुटीवरच करतात, मी लहानपणापासून वडिलांबरोबर बांधतोय, घरी रबर आणि क्रोटनवर पण केलंय. आत्ता पावसाळा लागलाय, हवेत ओल आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही. ताई सांगलीला जाल तेव्हा एका दिवसात काम होतं.

फांदी निवडताना करंगळी ते अंगठ्याएवढी जाड घ्या, शेंड्यापासून साधारण दीड फूट खाली, अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनी खरखरीत पण नको. तिथली दोन तीन पानं काढा. धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्या, पेराच्या जरा खाली फांदीभोवती गोल काप घ्या, त्याच्या खाली एक इंचावर दुसरा गोल काप, मधली साल काढून टाका. पांढरा चीक भळाभळा येईल, घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसा, दहा पंधरा मिनिटं थांबा. हातमोजे घाला, चीक कातडीला खाजतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यातच लोक चुकतात. साल काढली की आत लाकडावर एक बुळबुळीत पातळ थर असतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून काढायचा, बोटाला कोरडं लागेपर्यंत. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळ्या येतच नाहीत. वरच्या कापाच्या कडेला रूटिंग पावडर लावा, कारण मुळ्या तिथूनच फुटतात. पानांनी बनवलेलं अन्न सालीतून खाली जात असतं, साल तोडल्यावर ते वरच्या कडेला अडतं, मुळं फोडणारं द्रव्यही तिथेच साचतं. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चालू असतं म्हणून फांदी वाळत नाही.

मग शेवाळ, नर्सरीत मॉस म्हणून मागा, दोन तास भिजवून घट्ट पिळायचं, थेंब गळता कामा नये, मूठभर गोळा त्या जागेवर बसवायचा, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्हीकडे सुतळीने आवळायचं. वरची गाठ जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन कुजतं. ऊन थेट येत असेल तर वरून वर्तमानपत्र बांधा. सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसतील. पहिली मुळी दिसली की कापायची घाई करू नका, गोळा मुळ्यांनी भरू द्या.

गच्चीतली_कुंडी · 25 जून

खूप खूप आभार दोघांचे. पानाबद्दल वाचून खरंच रडू आलं, पण बरं झालं कळलं. एक भीती वाटते, साल अशी गोल काढली तर झाडाला इजा होऊन ते मरणार तर नाही ना? नवीन मालक ठेवणार म्हणालेत झाड, माझ्यामुळे काही व्हायला नको.

गुटीवाला_सांगोला · 25 जून

खोडाला गोल साल काढली तर झाड मरेल. फांदीला काढली तर फार तर ती फांदी जाईल, बाकी झाडाला पत्ताही लागत नाही. उलट फांदी कापल्यावर खाली दोन तीन नवे फुटवे येतात. एकच बांधू नका, तीन तरी बांधा.

मातीचे_हात · 25 जून

आणि हे झाड मुळं फोडायला उत्सुकच असतं ताई. मेघालयात नदीवर जिवंत मुळांचे पूल आहेत ना, ते याच झाडाच्या हवेत लोंबणाऱ्या मुळांचे, खासी लोक वर्षानुवर्षं ती मुळं वळवून वळवून पलीकडे नेतात. तिथे तर ते मॉसशिवाय मुळं सोडतं.

वाळवणाची_गच्ची · 26 जून

स्नेक प्लांटचं मी सांगते, माझ्याकडे सहा जातीचे आहेत. तुमचं काही चुकलेलं नाही, ऊन कमी पडलं असंही नाही. पिवळी कड आणि मधला हिरवा भाग या दोन वेगळ्या पेशींच्या थरांची जोडी असते. पानाचा तुकडा लावला की नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून तयार होतो, ती जोडी त्याच्यात येतच नाही. म्हणून पिल्लू हिरवं. ते आयुष्यभर हिरवंच राहणार, पण झाड उत्तम असतं, टाकू नका.

कड पाहिजे तर मूळ कुंडी उलटी करा, माती झाडा, आत हळदीसारखं आडवं जाड खोड दिसेल, त्याच्यावरच नवी पिल्लं आलेली असतात, दोन तीन पानं आणि थोड्या मुळ्या घेऊन तो भाग कापा. काप दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा, आणि पहिलं पाणी आठवड्याने. पावसाळ्यात गच्चीवर उघड्यावर ठेवू नका, पाणी साचलं की बुडापासून सडतो. आणि पुढच्या वेळी पानाचे तुकडे लावाल तेव्हा खालच्या बाजूला मार्करने खूण करा, उलटा लावला तर मुळ्या धरत नाही.

इसारकाठची · 26 जून

मी म्युनिकला असते, तुमच्या ताईंसाठी लिहितेय. बॅगेत कटिंग टाकून पाठवू नका प्लीज. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपियन युनियनच्या बाहेरून कुठलंही रोप, कटिंग आणायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. विमानतळावर काढून घेतलं तर नष्ट करतात, आणि आईचं झाड असं जाणं सहन होणार नाही. माझ्या आजीच्या जाईचं मला असंच सोडून द्यावं लागलं. सर्टिफिकेट रीतसर काढता येतं, पण त्यासाठी माती नसलेलं, कीड नसलेलं रोप लागतं. ताईंचं रोप तुम्ही पुण्यातच वाढवा, त्या येतील तेव्हा बघतील, मधून मधून फोटो पाठवा. मी बहिणीकडे तेच करते.

नवखा_माळी · 27 जून

मध्येच विचारतोय सॉरी. माझा मनीप्लांट पाण्यात वर्षभर मस्त असतो, मातीत लावला की आठ दिवसांत पिवळा. पेर आहे, मुळ्या आहेत, तरी का?

मातीचे_हात · 27 जून

वर्षभर पाण्यात वाढलेल्या मुळ्या पाण्यालाच सरावलेल्या असतात, नाजूक, मातीत गेल्या की त्यांना ओढून पाणी घ्यायची सवय नसते. मुळ्या दोन इंच झाल्या की लगेच लावायचं, जास्त लांब होऊ द्यायच्या नाहीत, आणि पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवायची, मग हळूहळू पाणी कमी. जुन्या लांब मुळ्यांवर अवलंबून राहण्यापेक्षा त्याच वेलाचं ताजं कटिंग घ्या.

मनीप्लांट निघालाच आहे तर, या वेलाला आपणहून फूल येतच नाही. फूल यायला जे संप्रेरक लागतं ते बनवणाऱ्या जनुकातच त्याच्या बिघाड आहे. म्हणजे मूळच्या पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरून निघाल्यापासून आपल्या खिडकीपर्यंत तो कुणीतरी कुणाला तरी कापून दिलेल्या तुकड्यांतूनच आलाय. मला हे कळलं तेव्हापासून मी मागेल त्याला कटिंग देतो, कुणाला नाही म्हणत नाही.

गच्चीतली_कुंडी · 7 सप्टेंबर

सगळ्यांना अपडेट द्यायचं होतं. 5 जुलैला सांगलीला जाऊन तीन गुट्या बांधल्या, मॉस मिरजेच्या एका नर्सरीतून मिळालं. शेजारच्या काकूंना दर रविवारी बघायला सांगितलं होतं, त्या फोटो पाठवायच्या. बेचाळिसाव्या दिवशी पहिली मुळी दिसली. काल गेले तर दोन गोळे मुळ्यांनी भरलेत, तिसऱ्यात काहीच नाही, उघडून बघितलं तर सांगितलं होतं तेच, साल वरून खाली जुळून आलीये, मी शेवटची गुटी घाईत बांधली होती, नीट खरवडलं नव्हतं. ती परत खरवडून पुन्हा बांधून आले.

दोन कापल्या. कापताना हात थरथरत होता. मॉस न सोडता ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने मांडीवर घेऊन आले. स्नेक प्लांटचा गड्डा पण आणलाय, पिवळ्या कडेची दोन पिल्लं आहेत. आता कुंडीत लावताना मॉस काढायचं का?

गुटीवाला_सांगोला · 7 सप्टेंबर

मॉस अजिबात काढू नका, मुळ्या तुटतील, फक्त प्लास्टिक आणि सुतळी काढा. आठ इंची कुंडी पुरे, मोठी नको, भोक बघून घ्या. माती, कोकोपीट, थोडी बारीक वाळू. मोठी खालची पानं निम्मी काढा म्हणजे मुळ्यांवर भार येणार नाही. काठीचा आधार द्या. तीन आठवडे सावलीत, खत नाही. पानं थोडी मलूल होतील, पाण्याचा मारा करू नका, वरून फवारा. तिसरी ऑक्टोबर अखेर बघा, पाऊस गेल्यावर मॉस वाळतं, काकूंना इंजेक्शनच्या सिरिंजने वरच्या गाठीतून थोडं पाणी द्यायला सांगा.

गच्चीतली_कुंडी · 7 सप्टेंबर

सांगते काकूंना. तिसरी आली तर ती त्यांनाच द्यायचीये, आईकडून कढीपत्त्याचं रोप त्यांनी नेलं होतं ते अजून त्यांच्या दारात आहे.