प्रतिसाद: वापरातला धातू मोजायचा कसा?

वर एकांनी लिहिलंय की खाणीतून निघालेल्या धातूची बेरीज केली की काम झालं. पण तेवढ्याने भागत नाही हो, कारण त्यातला बराचसा माल भंगारात, गंजण्यात, कचऱ्यात गेलेला असतो, आणि आपल्याला हवाय तो आत्ता वापरात असलेल्या धातूचा आकडा.

त्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे दरवर्षी किती धातू वापरात आला आणि वस्तूंचं आयुष्य संपून किती बाहेर पडला, त्या फरकाची वर्षानुवर्षं बेरीज. दुसरी म्हणजे सरळ मोजदाद, म्हणजे इमारती किती, गाड्या किती, केबल किती आणि प्रत्येकात धातू किती. मला ही दुसरी जास्त आवडते, कारण तिच्यात वस्तूच्या आत दडलेला धातूही बघावा लागतो. मी एकदा पंपाची जळलेली मोटर उघडली होती, आत बारीक तांब्याच्या तारेचे वेढेच वेढे, बाहेरून बघून कुणाला अंदाजही आला नसता.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१० मध्ये असे अंदाज एकत्र केले होते, जगात सरासरी माणशी वापरातलं तांबं ३५ ते ५५ किलो, श्रीमंत देशांत १४० ते ३००. ही दरी बघून मी खरंच हादरलो, कारण सगळ्यांना त्या पातळीला यायचं तर तेवढं तांबं आणायचं कुठून?

आणि भिंतीत तशाच राहिलेल्या बंद केबलचं काय? ती ना वापरात, ना भंगारात. तिचा हिशोब वेगळाच ठेवायला हवा.