कातळावरचं मॉस: ओलं नको, सुकलेलं बघा

कातळावरच्या मॉसचा (शेवाळासारख्या बारीक हिरव्या वनस्पतीचा) फोटो टाकून तुम्ही ते बार्ब्युला (मॉसचा एक प्रकार) असल्याचं म्हणताय, पण पाऊस पडल्या पडल्या काढलेल्या फोटोत ही सगळीच मॉस हिरव्या चांदण्यांसारखी दिसतात, त्यावरून नाव ठरवणं अवघड आहे. मला हे हायोफिला इन्व्होल्युटा हे दुसरं मॉस वाटतंय, आपल्या सह्याद्रीत ओलसर कातळ, जुन्या भिंती, ओढ्यातले दगड सगळीकडे असतं. थोडंसं खरवडून कागदावर सुकू द्या आणि दहा पटीच्या भिंगातून बघा. हायोफिलाच्या पानांच्या दोन्ही कडा आत वळून पानाची नळी होते, बार्ब्युलाच्या कडा मागच्या बाजूला मुडपलेल्या असतात. मग पाण्याचा एक थेंब टाका, हायोफिलाचं पान बघता बघता उलगडून सपाट होतं, टोकाजवळ बारीक दातेही दिसतात. हे महत्त्वाचं, कारण वाइसिया या आणखी एका मॉसच्या पानांच्याही कडा आत वळतात, पण त्या ओल्या झाल्या तरी तशाच राहतात आणि पान खूप अरुंद असतं.

कॅप्सूल (बीजाणूंची छोटी कुपी) मिळाली तर फारच छान, हायोफिलाच्या कॅप्सूलच्या तोंडाशी दात नसतातच, बार्ब्युलाला पिळलेल्या केसांसारखे लांब दात असतात. फक्त झाकण नुकतंच पडलेली ताजी कॅप्सूल घ्या, जुनीचे दात झडून गेलेले असू शकतात.