विषय: १८ जानेवारीचा किंग दिन – मोर्चा, फलक आणि तिळगूळ

शैला (कार्यक्रम समिती):

नमस्कार मंडळी,

२०२७ चा किंग दिन (कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची अमेरिकेतली सुट्टी) सोमवारी, १८ जानेवारीला येतो. संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच्या आदल्या शनिवारी, म्हणजे दोन्हीकडे राबणारे हात तेच. समितीकडे आलेल्या सूचना अशा: आपल्या नॅशव्हिलमधल्या जेफरसन स्ट्रीटच्या मोर्चात मराठी मंडळाचा फलक आणि ढोल-ताशा, सभागृहात 'गांधी आणि किंग' हे नृत्य, मराठी शाळेतल्या मुलांनी १९६० च्या लंच काउंटर सत्याग्रहावर (दुकानांतल्या फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर विद्यार्थी शांतपणे जाऊन बसत) बसवलेला नाट्यप्रवेश, वाचनालयात तीन फलकांचं प्रदर्शन, आणि तिळगूळ वाटप.

'छान कल्पना' एवढंच लिहून पाठवू नका. काय ठेवायचं, काय काढायचं आणि कोण करणार, ते लिहा.

प्रकाशकाका:

शैलाताई,

ढोल-ताशा काढा आणि नृत्यही काढा. मोर्चा आपला नाही. इथल्या कृष्णवर्णीय चर्चच्या धर्मोपदेशकांचा तो कार्यक्रम आहे आणि आपण त्यांच्या मागे चालायला जातोय. पंचवीस ढोल वाजायला लागले की पुढच्या रांगेतली प्रार्थना कोणाला ऐकू येणार? शिवाय उणे तापमानात ताशाचं पान तडकतं, हा वेगळाच ताप.

रस्ता कोणता आहे तेही मुलांना आधी सांगा. जेफरसन स्ट्रीट ही उत्तर नॅशव्हिलची बाजारपेठ आणि संगीताच्या क्लबांची गल्ली होती. सरकारने आय-४० महामार्ग नेमका या वस्तीतून काढला. रहिवाशांनी १९६७ मध्ये कोर्टात धाव घेतली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि घरं, दुकानं पडली.

आता 'गांधी आणि किंग'. या मांडणीत गांधीजींनी दिलं आणि किंगने घेतलं, एवढंच उरतं आणि आपण टाळ्या घेऊन घरी येतो. मधला माणूस गळतो, आणि तो तर नागपूरहून नॅशव्हिलला आलेला. जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरती नाकारून ते तुरुंगात गेले. १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, तिथे शिकवलं, खेळाचे प्रशिक्षक झाले आणि सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगमेरीच्या बस बहिष्काराची (बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध तिथल्या कृष्णवर्णीयांनी टाकलेल्या) बातमी त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये परतले, पुढे किंगना भेटले आणि किंगच्या आग्रहावरून दक्षिणेत, नॅशव्हिलला आले. १९५९ च्या शरद ऋतूत फिस्क विद्यापीठाजवळच्या क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये त्यांच्या कार्यशाळा नेमाने सुरू झाल्या. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट हे विद्यार्थी नेते तिथेच तयार झाले. लॉसन तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते; सत्याग्रहातल्या भागाबद्दल मार्च १९६० मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये त्यांना अध्यापनासाठी परत बोलावलं. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले. बेलव्ह्यूमधल्या शाळेला आता त्यांचं नाव आहे. पहिला फलक त्यांचा.

दुसरा फलक फुले आणि आंबेडकरांचा. 'गुलामगिरी' १८७३ ची. ती अर्पण केली आहे अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल, आणि अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, त्यामुळे इथल्या माणसाला थेट वाचता येते. पण फलकावर पुढची ओळ लिहायला विसरू नका: १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतल्या राज्यांतून हात काढून घेतला, आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार आणि मोकळीक दोन्ही हिरावली गेली. नुसतं अर्पण लावलं तर अमेरिकेची स्तुती केल्यासारखं दिसेल.

आंबेडकरांनी १९४६ च्या जुलैमध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत किती साम्य आहे ते सांगितलं आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ३१ जुलैला उत्तर आलं. ड्यू बॉइस १८८८ चे फिस्कचे पदवीधर, म्हणजे याच गावातले. जातीचा उल्लेख आला की 'कशाला तो विषय' म्हणणारे आपल्यात आहेत. आम्ही समतेच्या मोर्चात येतो पण आमच्या घरातलं बोलणार नाही, असं चालायचं नाही.

तिसरा फलक १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याचा. १९४६ पासून भारताला वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झाली आणि वंश-देश पाहून ठरवलेले कोटे गेले. नागरी हक्क चळवळीच्या रेट्याशिवाय ते झालं नसतं, आणि ते झालं नसतं तर हा धागा वाचायला इथे कोणी नसतं.

मुग्धा (मराठी शाळा):

काका, फलकांना शाळेकडून दुजोरा. मात्र प्रवेश बसवायला माझा ठाम नकार आहे.

लॉसन यांच्या कार्यशाळेत विद्यार्थी एकमेकांवर ओरडत, खुर्चीतून ओढत, तोंडावर धूर सोडत. ते प्रशिक्षण होतं, दुसऱ्या दिवशी खरोखर मार खायला जाणाऱ्या प्रौढांचं. आपल्या दहा वर्षांच्या मुलांनी शिव्या देणाऱ्या गोऱ्यांचं आणि अंग चोरून बसलेल्या काळ्या विद्यार्थ्यांचं सोंग काढलं, आणि समोर त्याच समाजातली आजी बसलेली असली, तर काय होईल ते सांगायला नको.

त्याऐवजी मुलांना गावातल्या मुख्य सार्वजनिक वाचनालयात घेऊन जाऊ. दुसऱ्या मजल्यावर नागरी हक्क दालन आहे. तिथल्या काउंटरवर सत्याग्रहींचे दहा नियम लिहिलेत. प्रत्येक मुलाने एक नियम वाचायचा आणि तो का केला ते सांगायचं. 'शिवी दिली तरी उलट शिवी नको' हे मुलांना आपोआप कळतं. खरी मजा बाकीच्यांत आहे. दुकानातल्या व्यवस्थापकाशी बोलू नये, कारण वाद झाला की 'शांतताभंग' लावता येतो. वाट अडवू नये, कारण मग अटकेला कायदेशीर निमित्त मिळतं. ताठ बसून काउंटरकडेच तोंड ठेवावं, कारण मागून ढोसणाऱ्याकडे वळलात की भांडणात दोन बाजू दिसतात. माहिती विचारणाऱ्याला नम्रपणे नेत्याकडे पाठवावं, म्हणजे वार्ताहराला दहा वेगवेगळी उत्तरं मिळत नाहीत.

मग आकडे. पहिला सत्याग्रह १३ फेब्रुवारी १९६० ला, वूलवर्थ, क्रेस आणि मॅकलेलन या दुकानांत. २७ फेब्रुवारीला मारहाण झाली, ८१ सत्याग्रही पकडले गेले, मारणाऱ्यांपैकी एकही नाही. एक तुकडी पोलिसांच्या गाडीत चढली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे. ५० डॉलर दंड न भरता अनेकांनी तुरुंग पत्करला. इस्टरच्या खरेदीवर बहिष्कार पडला तशी दुकानदारांना कळ लागली. १९ एप्रिलला सत्याग्रहींचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक चालत महापौरांकडे गेले. डायन नॅशने त्यांना सरळ विचारलं, आणि भेदभाव चूक आहे हे महापौर बेन वेस्ट यांना कबूल करावं लागलं. १० मे पासून सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. मोठ्या मुलांना यातून बहिष्काराचा भाग आवर्जून शिकवा. नुसतं सोसलं म्हणून सगळं झालं, असा गैरसमज फार आहे.

आणखी एक. किंग यांचं १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण कोणी अख्खं वाचून व्हिडिओ टाकू नका. त्याचे हक्क कुटुंबाकडे आहेत. त्यावर खटले झालेत, १९९९ मध्ये निकालही त्यांच्या बाजूने गेला.

तिळगुळाबद्दल: देऊ, पण 'गोड गोड बोला' छापू नका. त्या चळवळीला वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जात होतं, की गोडीने घ्या, थांबा. तिळाची ओळख मात्र इथल्यांना करून द्यायला नको. दक्षिण कॅरोलायनात तीळ रुजवले ते गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांनी.

अनिरुद्ध (छपाई):

फलक तीन, उभे, ३३ बाय ८० इंचांचे, गुंडाळता येणारे. खालचे फूट-दीड फूट रिकामे ठेवा, टेबलामागे जातात. एका फलकावर इंग्रजी-मराठी मिळून दीडशे शब्दांपलीकडे जाऊ नका. मजकूर ३६ पॉइंटच्या खाली नको, नाहीतर लोक डोळे बारीक करून पुढे सरकतात.

छपाईवाल्याला युनिकोड फाइल तशीच देऊ नका. त्याच्याकडे फॉन्ट नसतो, किंवा असला तरी अॅडोबीत वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी सोय) निवडलेला नसतो. मग 'विद्यार्थी'ची वेलांटी 'व'च्या मागे जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, 'सत्याग्रह'मधला 'ग्र' सुटतो. त्याला मराठी येत नाही, त्यामुळे त्याच्या नजरेत काहीच चुकलेलं नसतं. सगळा मजकूर आउटलाइनमध्ये (म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांत, फॉन्ट लागत नाही) बदलून पीडीएफ द्या आणि छापण्याआधी प्रूफ मागवून दोघांनी वेगवेगळं वाचा.

फोटो वेबवरून उचलायचे नाहीत. सत्याग्रहाचे फोटो वाचनालयाच्या विशेष संग्रहातून, आंबेडकर–ड्यू बॉइस पत्रांची छबी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट ग्रंथालयातून, दोन्हीकडे लेखी परवानगी घेऊन. उत्तर यायला आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या आत अर्ज जायला हवेत.

मोर्चाचा फलक वेगळा: ६ बाय अडीच फूट, जाळीदार कापडाचा, दोन्ही टोकांना काठी. साधं व्हिनिल वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि धरणाऱ्याला मागे ढकलतं. त्यावर मंडळाचं नाव फक्त. प्रायोजकांचे लोगो अजिबात नकोत.

वसुधा (खजिनदार):

पैशांचं पाहिलं. फलक, मोर्चाचा फलक आणि छपाई मिळून जे येईल ते शिक्षण निधीतून, सांस्कृतिक निधीतून नाही. वाचनालय आणि ज्यांचं सभागृह आहे ते विद्यापीठ, दोघेही विम्याचं प्रमाणपत्र मागू शकतात, त्यात त्यांचं नाव 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून घालावं लागतं. विमा कंपनीला निदान तीन आठवडे आधी सांगा.

मोर्चाला उमेदवार आणि निवडून आलेले लोक येतात. आपण ५०१ (सी) (३), म्हणजे करमाफी असलेली सेवाभावी संस्था आहोत. उमेदवाराला कोणत्याही प्रकारे पाठिंबा दिल्यासारखं दिसलं तर करमाफी धोक्यात येते. मंडळाच्या फलकाखाली प्रचाराचे बिल्ले लावून उभं राहायचं नाही आणि तसा फोटो मंडळाच्या पानावर टाकायचा नाही.

तिळगुळात दाण्याचं कूट घालू नका. जानेवारी २०२३ पासून तीळही इथल्या नऊ प्रमुख अॅलर्जनांत आहेत, तेव्हा पुडीवर 'तीळ आहेत' असं ठळक हवंच. दोनशे पुड्या, प्रत्येकीत १५ ग्रॅमचा एक लाडू, म्हणजे ३ किलो. पाक पुढे जाऊ देऊ नका, थंडीत लाडू दाताने फुटत नाही. आणि वाटायच्या आधी यजमानांना विचारा. बाहेरचं खाणं त्यांच्याकडे चालतं का ते तेच ठरवणार.

शैला:

ठरलं. ढोल, नृत्य आणि प्रवेश रद्द. मी याच आठवड्यात धर्मोपदेशकांच्या संघटनेकडे जाते, पण 'आम्ही काय सादर करू' असं न विचारता 'काय काम द्याल' असं विचारणार आहे. खुर्च्या मांडणं, पार्किंगला उभं राहणं, नंतर सभागृह झाडणं, जे देतील ते. प्रकाशकाका मजकूर, अनिरुद्ध छपाई आणि परवानग्या, मुग्धा वाचनालयाची वेळ. लाडू वळायला शुक्रवारी संध्याकाळी सहा जण हवेत. नावं याच धाग्यावर द्या. आत्तापर्यंत फक्त वसुधाताईंचं आलंय.