चिनी सुलेखनासाठी पहिला कुंचला कोणता घ्यावा?

सायली_कोथरूड
नमस्कार. मँडरिनच्या वर्गाबरोबर आता कुंचल्याने अक्षरं काढायलाही शिकायचंय. माझ्याकडे जलरंगाचा १२ नंबरचा गोल ब्रश आहे, तो चालेल का? मैत्रीण शांघायहून दिवाळीत येतेय, तिला नक्की काय आणायला सांगू? ऑनलाइन दहा कुंचल्यांचा संचही दिसतोय, शाईसकट.

मीरा_हांगझोउ
संच नको, सायली. त्या पैशांत एकच चांगला कुंचला येईल.

जलरंगाचा ब्रश आखूड असतो. इथे रेघ काढताना कुंचला दाबायचा, वळवायचा आणि पुन्हा टोकावर उचलायचा असतो. त्यासाठी केस लांब हवेत, ४ सेंटीमीटरच्या आसपास. गुच्छाची जाडी साधारण १ सेंटीमीटर. नवखी माणसं बारीक कुंचला उचलतात आणि मग नुसती बोटं हलवत बसतात, मनगट आणि कोपर शिकतच नाहीत. सुरुवातीला अक्षरं ७-८ सेंटीमीटरची काढा.

केसांचे मुख्य प्रकार तीन. यांगहाओ, म्हणजे बकरीचे: मऊ, शाई भरपूर धरतात, पण एकदा वाकले की ओल्या वातीसारखे तसेच राहतात. लांगहाओ, म्हणजे वीझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीचे: ताठ, झटकन सरळ होतात. आणि ज्यानहाओ, मिश्र: आत ताठ केस, बाहेर बकरीचे. तुम्ही ज्यानहाओच घ्या. आमच्याच झेजियांग प्रांतात हूझोउजवळचं शानल्यान हे कुंचल्यांचं गाव आहे, तिथला ‘बाइयुन’ हा प्रकार मोठा, मध्यम, छोटा असा मिळतो. मैत्रिणीला मोठा किंवा मध्यम आणायला सांगा. शांघायच्या फूझोउ रस्त्यावर या सामानाची दुकानं आहेत.

दुकानात टोक खळीने घट्ट असतं, त्यामुळे केसांची पारख पुरती होत नाही. तरी गुच्छ सगळीकडून गोल आहे का, टोक मधोमध आहे का, दांडी सरळ आहे का, एवढं बघता येतं. टेबलावर दांडी लोळवली की वाकडेपणा लगेच कळतो.

बोरूवाला
मी सिंगापूरला शिकतो. आमचे सर पहिल्या दिवसापासून यांगहाओच देतात. ताठ केस हाताची चूक झाकतात, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं.

मीरा_हांगझोउ
समोर शिक्षक असतील तर खरंच पटण्यासारखं आहे. घरी एकटीने शिकताना मात्र प्रत्येक रेघ लोळत गेली तर माणूस महिन्याभरात सोडून देतो, आणि मला सायलीने सोडू नये असं फार वाटतं. शिवाय जुन्या चिनी सुलेखनकारांपैकी कित्ता कोणाचा गिरवणार, हेही बघावं लागतं. यान झेनछिंग (७०९–७८५) यांची भरदार अक्षरं मऊ केसांनाही झेपतात. ओउयांग शून यांची सडपातळ, टोकदार वळणं ताठ केसांनीच सोपी जातात.

सायली_कोथरूड
यान झेनछिंगच घेते. पुण्यात मुंगसाच्या केसांचे ब्रश बघितले होते, ते?

बोरूवाला
अजिबात नको! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण आहे, त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. एका ब्रशपायी किती जीव जातात.

मीरा_हांगझोउ
आणि कुंचला आला की कोमट पाण्यात भिजवून सगळी खळी काढा. कढत पाणी वापरलंत तर मुळाशी केस चिकटवलेला गोंद सुटतो. सोबत येणारं प्लास्टिकचं टोपण टाकून द्या. ते परत घालताना केस मोडतात आणि आत ओल राहून बुरशी धरते, पुण्याच्या पावसाळ्यात तर नक्कीच. धुऊन, टोक बोटांनी जुळवून, खाली तोंड करून टांगा. रोजच्या सरावाला पाण्याने लिहायचं कापडही मागवा: वाळलं की कोरं, शाईचा खर्च नाही.