मदत हवी आहे: गुरुवारी पहाटे पुणे-वागातोर निघायचंय आणि गाडी चार्जिंग करत नाही

पहाटवारा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. या शुक्रवारी गोव्यात वागातोरला मोटोव्हर्स (रॉयल एनफिल्डचा बायकर्सचा मेळा, पूर्वीचं रायडर मेनिया) सुरू होतंय. चार गाड्यांचा ग्रुप गुरुवारी पहाटे ४ ला पुण्यातून निघणार. मार्ग सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, म्हापसा.

गाडी ३५० सीसी, सिंगल सिलिंडर, २०२१ची, बीएस-६, फ्युएल इंजेक्शन, किक नाही. धावलीये ३१,००० किमी. बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच, दीड वर्षं जुनी. बाहेरून बसवलेलं सामान म्हणजे २० वॉटचे दोन फॉगलॅम्प आणि एक यूएसबी चार्जर.

लक्षणं अशी. गाडी थंड असताना काहीच तक्रार नाही. ५०-६० किमी झाले की एबीएसचा दिवा लागून राहतो, हॉर्नचा आवाज बसतो. मग गाडी बंद करून पुन्हा सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. ढकलूनही सुरू होत नाही. एका गॅरेजने न तपासता "बॅटरी बदला" सांगितलं. दुसऱ्याने मॅग्नेट कॉइल (इंजिनमधली वीज तयार करणारी) गेली म्हणून सांगितलं, पार्ट शुक्रवारी येईल म्हणतो.

तीन प्रश्न:
१) दोष बॅटरीचा, कॉइलचा की रेग्युलेटरचा (कॉइलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा), हे घरी कसं ठरवायचं? साधा डिजिटल मल्टिमीटर आहे.
२) जास्तीची बॅटरी सोबत घेऊन जाता येईल का?
३) रद्द करायचं तर केव्हा ठरवायचं? ग्रुपचं पंक्चर किट आणि पंप माझ्याच गाडीवर आहेत, त्यामुळे ऐन वेळी कळवलं तर बाकी तिघांचीही अडचण होईल.

---

तीनफेज | सोमवार, रात्री १०:१५

नवी बॅटरी आत्ताच घेऊ नका. ५० किमीनंतर दिवा लागतोय याचा अर्थ गाडी तोवर बॅटरीवरच चाललीये. बॅटरी चांगली आहे म्हणूनच तेवढी तरी गेली, असंही असू शकतं.

आज रात्री बॅटरी काढून बाहेरच्या चार्जरवर लावा. ८ एएचला करंट ०.८ अँपिअरच्या आसपास, वेळ ८-१० तास. कारच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावू नका, सीलबंद बॅटरी तापून फुगते. सकाळी चार्जर काढल्यावर किमान एक तास तशीच ठेवा आणि मग मोजा. लगेच मोजलं तर वरवरचा आकडा दिसतो. १२.७ किंवा वर म्हणजे पूर्ण भरली, १२.४ म्हणजे अर्धवट, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडीत बसवून सेल्फ दाबताना ती १० च्या खाली जाऊ नये. इथे पास झाली तर बॅटरीचा विषय बंद.

आता इंजिन चालू, मीटर डीसी २० व्होल्टवर, पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. आयडलला १३ च्या वर, ३,००० ते ४,००० आरपीएमला १४ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर जास्त चार्ज करतोय. रेस देऊनही १२.५ च्या वर चढत नसेल तर वीज बॅटरीपर्यंत पोचतच नाही.

कुठे अडतेय ते पुढे कळतं. इंजिनच्या मॅग्नेट कव्हरमधून एकाच रंगाच्या तीन वायरी, बहुतेक पिवळ्या, रेग्युलेटरकडे जातात. त्यांचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) सोडवा आणि आधी तो डोळ्यांनी नीट बघा. पिना तपकिरी पडल्यात का, प्लास्टिक वितळलंय का. चार्जिंगच्या कित्येक तक्रारी इथेच संपतात. मग इंजिनाकडच्या तीन वायरींवर एसी २०० व्होल्टच्या रेंजमध्ये जोड्या मोजा: १-२, २-३, ३-१. आरपीएम तिन्ही वेळा तेवढाच ठेवा. आकडा गाडीगणिक वेगळा येतो, त्यात अडकू नका. तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. इंजिन बंद करून ओहमवर प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी मोजा. काहीच दाखवता कामा नये. कुठलाही ओहम दिसला तर कॉइल अर्थ झालीये, म्हणजे बॉडीला टेकलीये.

वायर-वायरमधला ओहम मोजत बसू नका. तो एक ओहमच्याही खाली असतो आणि साध्या मीटरच्या पिनांचाच अवरोध तेवढा भरतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं हे, की ही मापं थंड गाडीवर एकदा आणि ४० मिनिटं चालवून गरम झाल्यावर पुन्हा घ्या. कॉइलच्या तारेवरचं इनॅमल जळलं की थंडीत वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत, तापून तार पसरली की टेकतात. गॅरेजमध्ये सकाळी उभी राहिलेली गाडी "ओके" दाखवते ती यामुळेच.

---

कपलर | सोमवार, रात्री १०:५०

वरच्यात एक भर. तिन्ही जोड्या गरम असतानाही सारख्या आल्या तर लगेच रेग्युलेटरला दोष देऊ नका. इंजिन चालू ठेवून रेग्युलेटरच्या आउटपुटची लाल वायर ते बॅटरी प्लस, आणि रेग्युलेटरचा अर्थ ते बॅटरी मायनस, असे दोन्हीकडे डीसी व्होल्ट मोजा. ०.३ च्या वर फरक दिसला तर मधला जोड किंवा फ्यूज होल्डर खराब आहे. शंभर रुपयांत काम होतं.

फॉगलॅम्पची वायर कुठून घेतलीये तेही बघा. रिले लावून थेट बॅटरीवरून हवी. हेडलाइटच्या वायरीला टोचून घेतली असेल तर मोजणी करायच्या आधी सोडवून ठेवा.

---

आंबोलीमार्गे | सोमवार, रात्री ११:०५

प्रश्न २ चं उत्तर: नाही. हिशोब करून बघा.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि इग्निशन मिळून साधारण ६ अँपिअर. हेडलाइट ५५ वॉट म्हणजे ४.६ अँपिअर. टेललाइट धरून बेरीज ११ च्या पुढे. तुमचे फॉगलॅम्प लावले की १४ च्या पुढे. बॅटरीवर लिहिलेले ८ एएच हे सावकाश, १० तासांत उपसल्यावरचे. ११ अँपिअरने उपसली तर अर्धा तासही धरत नाही. हेडलाइटचा कपलर काढून दिवसा चालवली तरी जेमतेम तासभर. पुण्याहून वागातोर साधारण ४५० किमी आहे, म्हणजे सात-आठ बॅटऱ्या. कारची ३५ एएचची घेतली तर वजन १० किलोच्या आसपास, पाण्याची असेल तर तिरकी झाल्यावर ॲसिड सांडणार, आणि तरीही आंबोलीच्या आधीच संपणार.

हेडलाइट बटणाने बंद करता येत नाही हेही धरा. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना तो कायम चालू असतो.

लाइट कमी केले म्हणजे कॉइलला आराम मिळतो, हा समजही सोडा. शंट प्रकारचा रेग्युलेटर असेल तर जादाची वीज तो कॉइलमध्येच शॉर्ट करून जिरवतो. म्हणजे लाइट बंद असले तरी कॉइल पूर्ण करंटवरच तापत राहते.

आणि जागा बघा. कोल्हापूरपर्यंत हायवेला कुठेही थांबलात तरी माणूस मिळतो. आजऱ्याच्या पुढे मात्र झाडी, धुकं आणि घाट. त्या टप्प्यात दिव्याविना बंद पडलेली गाडी वळणावर उभी करणं हा तुमच्याइतकाच मागून येणाऱ्यालाही धोका.

---

पहाटवारा | मंगळवार, दुपारी १:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं घेतली.

बॅटरी: तासाभराने १२.७५, सेल्फ मारताना १०.६.
चार्जिंग, ४,००० आरपीएमला: थंड १३.९, गरम १२.३.
एसी, थंड: ५२, ५३, ५२.
एसी, गरम: ५१, ३१, २९.
गरम असताना बॉडीशी ओहम: काही नाही. कपलर स्वच्छ.

कॉइलच ना? जवळच मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तो उद्या संध्याकाळपर्यंत भरून देतो म्हणतो. घ्यावा का हा धोका?

---

तीनफेज | मंगळवार, दुपारी १:४५

कॉइलच. आकडे अगदी स्वच्छ आलेत. एक जोडी जागेवर आणि बाकी दोन पडलेल्या, म्हणजे त्या दोन जोड्यांत सामाईक असलेली फेज (कॉइलच्या तीन भागांपैकी एक) आतल्या आत शॉर्ट होतेय. बॉडीला टेकली नाही म्हणून ओहममध्ये पकडली गेली नाही. बॅटरी उत्तम आहे, तिला हात लावू नका.

रिवाइंडिंग वाईट नसतं, घाईतलं वाईट असतं. ही कॉइल इंजिनच्या गरम ऑइलच्या शिंतोड्यांत राहते. तार १८० डिग्रीची, म्हणजे क्लास एच लागते. पंख्याच्या मोटरची साधी तार काही दिवसांतच जळते. भरल्यावर व्हार्निश किंवा इपॉक्सी पाजून भट्टीत पूर्ण सुकवावं लागतं. ते ओलं राहिलं तर वेटोळी थरथरून एकमेकांवर घासतात आणि इनॅमल जातं. वेटोळ्यांची संख्या आणि गुंडाळायची दिशा जुन्यावरून मोजून घ्यावी लागते.

शिवाय नुसती कॉइल भरून काम होत नाही. ऑइल काढायचं, कव्हर उघडायचं (आतलं मॅग्नेट ते खेचून धरतं, पेचकस घालून उचकटलं तर बसायच्या जागेवर ओरखडे पडतात आणि तिथून ऑइल गळतं), जुनं पॅकिंग खरवडायचं, नवं घालायचं, डोवेल पिना जागेवर आहेत का बघायचं, वायर बाहेर येते तिथला रबर सील नीट बसवायचा. पॅकिंगवर सिलिकॉन थापू देऊ नका, सुटलेला तुकडा ऑइलच्या वाटेत जाऊन अडकतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळायचे. साधारण १० न्यूटन-मीटर, त्यापुढे ॲल्युमिनियमचे आटे जातात. आणि रेग्युलेटरही तपासायचा.

हे सगळं उद्या रात्री ९ ला संपलं असं धरा. पहाटे ४ ला निघणार. बिघाड फक्त गरम झाल्यावर दिसणारा आहे, म्हणजे दुरुस्ती टिकली की नाही हेही गरम केल्याशिवाय कळणार नाही. किमान १५० किमी, त्यात तासभर एकसारख्या वेगाने, आणि थांबल्या थांबल्या पुन्हा तीन जोड्या. त्याला वेळच उरत नाही. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, ही गाडी या गुरुवारी नेऊ नका. नवी कॉइल शुक्रवारी येऊ दे आणि शांतपणे बसवा.

---

आंबोलीमार्गे | मंगळवार, दुपारी २:१०

सहमत. प्रश्न ३ आता आपोआप सुटला. आजच ग्रुपला कळवा, उद्या रात्री नको.

किट देताना बाकी तिन्ही गाड्यांची चाकं विचारा. स्पोकच्या चाकात बहुतेक ट्यूब असते. तिथे ट्यूबलेसच्या पट्ट्यांचा काहीच उपयोग नाही. त्यांना दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि मापाच्या ट्यूब लागतील. पुढचं चाक १९ इंची आणि मागचं १८ इंची असेल तर दोन वेगळ्या. मागच्या ॲक्सलचा नट तुमच्याच मापाचा असेल असं धरू नका, पाना ज्याच्या त्याच्या गाडीवर लावून बघायला सांगा. १२ व्होल्टचा पंप असेल तर थेट बॅटरीच्या क्लिपा द्या आणि इंजिन चालू ठेवून वापरायला सांगा. यूएसबीच्या लाइनवर लावला की फ्यूज उडतो.

कुणाच्या मागे बसून जायचा विचार असेल तर ४५० किमी दोघं अधिक सामान, त्यात घाटाचा उतार. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड वाढवायचा, हवा दोघांसाठी लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरायची, आणि तुमची बॅग कारने येणाऱ्या कुणाकडे द्यायची. ती सोय नसेल तर बस बरी.

---

बार्देसचा | मंगळवार, दुपारी ३:००

मोटोव्हर्स सोडू नका, फक्त गाडी सोडा.

पुण्याहून बस म्हापशाची घ्या, पणजीची नको. म्हापशाहून वागातोर साधारण १० किमी. रेल्वे बघत असाल तर लक्षात घ्या, मिरज-लोंढामार्गे येणारी गाडी तुम्हाला मडगावला, दक्षिणेत उतरवते. तिथून वागातोर ५० किमीच्या वर. वागातोरला जवळचं स्टेशन थिवी, पण ते कोकण रेल्वेवर. पनवेलहून कोकणकन्या पकडलीत तर थिवीला उतरता येतं.

इथे भाड्याची गाडी आजच फोनवर ठरवा. त्या आठवड्यात मोठ्या गाड्या आधी संपतात. नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी असलेलीच घ्या. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. पोलिसांनी धरलं तर दंड, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, जुने ओरखडे मालकाला दाखवून. पुढचा-मागचा ब्रेक, चेनचा सैलपणा, टायरची नक्षी, विम्याची तारीख बघा. बहुतेक जण गोव्याबाहेर न्यायला मनाई करतात, तेव्हा परतताना आंबोली बघून येऊ असा बेत असेल तर आधी विचारा.

हेल्मेट स्वतःचं आणा आणि बसमध्ये मांडीवर ठेवा, डिकीत नको. डिकीत त्यावर बॅगा आदळतात, आतला थर्माकोल दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

---

पहाटवारा | बुधवार, सकाळी ९:३०

ठरलं. ग्रुपला काल दुपारीच कळवलं. किट आणि पंप दिला. एका गाडीला ट्यूब निघाली, तिच्यासाठी दोन्ही मापं घेतली. म्हापशाची स्लीपर आज रात्रीची मिळाली, काळ्या प्लेटची गाडीही ठरली. कॉइलची ऑर्डर दिली. गाडी सोमवारपर्यंत गॅरेजमध्ये राहील. सोडताना काही काळजी?

---

तीनफेज | बुधवार, सकाळी ९:५०

बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. मेकॅनिकला नुसतं "कॉइल बदला" सांगू नका, कागदावर थंड ५२-५३-५२ आणि गरम ५१-३१-२९ असं लिहून टाकीवर चिकटवा, शेजारी "नवी बसवल्यावर गरम करून पुन्हा मोजणे" असं लिहा. जुनी कॉइल परत मागून घ्या. तिन्हींपैकी एकाच फेजची वेटोळी काळी पडलेली दिसतील. सगळीच काळी असतील तर रेग्युलेटरही बदलून घ्या.