१९५७ सालचे आइव्ह्ज : हा स्टिरिओ अस्सल आहे का?

मंद्रसप्तक

अमेरिकी संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज यांच्या ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ या वाद्यवृंद-रचनेचे मर्क्युरी कंपनीने १९५७ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण माझ्याकडे दोन रूपांत आहे : एक जुनी मोनो (सारा आवाज एकाच वाहिनीत असलेली) तबकडी आणि एक नव्वदच्या दशकात निघालेली स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांची) सीडी. हॉवर्ड हॅन्सन वाद्यवृंदाचे संचालक आहेत, वादक ईस्टमन-रॉचेस्टर ऑर्केस्ट्राचे आहेत, आणि वादन दोन्हींत तेच आहे. तरीही ‘पुटनम्स कॅम्प’ या दुसऱ्या भागात, जिथे दोन बँड वेगवेगळ्या लयींत वाजत एकमेकांवर आदळल्याचा भास होतो, तिथे मोनोत सारा गलका एकजीव होतो आणि सीडीवर मात्र त्यातला धागा न् धागा सुटा ऐकू येतो. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ मध्ये, आणि पुढच्या दशकात मोनो टेपवर प्रक्रिया करून बनावट स्टिरिओ विकण्याचा उद्योग अनेक कंपन्यांनी केला, हेही ठाऊक आहे. तेव्हा ही सीडी खरी मानावी काय?

जुनी सुई

निःशंक खरी माना. तबकडीवर स्टिरिओ यायला १९५८ उजाडले, पण टेपवर तो त्याआधीच पोहोचला होता. आरसीए व्हिक्टर कंपनीने संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण मार्च १९५४ मध्येच केले होते आणि १९५५ पासून स्टिरिओ टेपची रिळे विकायलाही काढली होती. मर्क्युरीनेही १९५५च्या अखेरीस या कामाला हात घातला. (आइव्ह्ज स्वतः मे १९५४ मध्ये वारले; आपले संगीत असे ऐकणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.)

तुम्हाला जाणवलेल्या फरकाचे कारण मर्क्युरीच्या पद्धतीत आहे. निर्मिती विल्मा कोझार्ट यांच्याकडे आणि तांत्रिक बाजू रॉबर्ट फाइन यांच्याकडे असे. मोनोच्या काळात ते वाद्यवृंदासमोर एकच मायक्रोफोन टांगत. स्टिरिओ आल्यावर त्यांनी तो मधला मायक्रोफोन तसाच ठेवला, डावी-उजवीकडे आणखी दोन लावले, आणि तिन्हींचे आवाज अर्धा इंच रुंदीच्या टेपवर तीन स्वतंत्र ट्रॅकमध्ये घेतले. मोनो आवृत्ती मधल्या मायक्रोफोनवरून होत असे. म्हणजे तुमच्याकडची दोन्ही रूपे एकाच वेळी, पण वेगवेगळ्या कानांनी टिपलेली आहेत. एक दुसऱ्यापासून बनवलेले नाही. १९९० पासून निघालेल्या सीडींसाठी तीन ट्रॅकचे दोन करण्याचे कामही स्वतः कोझार्टबाईंनीच, मूळ टेपा लावून केले.

खर्ज

बनावट स्टिरिओ ओळखायचा असेल, तर एकट्या वाजणाऱ्या वाद्याकडे लक्ष द्यावे. त्यात सहसा खालचे स्वर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकललेले असतात, त्यामुळे क्लॅरिनेट खालून वर चढू लागले की वादक खुर्चीसकट रंगमंचावर सरकत असल्यासारखे वाटते. हॅन्सन यांच्या या सीडीवर वाद्ये आपापली जागा सोडत नाहीत.

न्यूयॉर्कवासी

ध्वनिमुद्रण अस्सल आहे हे मान्य, परंतु त्यावरून काढला जाणारा एक निष्कर्ष मला पटत नाही. ‘पुटनम्स कॅम्प’मधले दोन बँड रंगमंचाच्या दोन टोकांना बसलेले नसतात. त्यांचे सूर एकाच वाद्यवृंदाच्या निरनिराळ्या विभागांत विणलेले आहेत, म्हणून कितीही उत्तम स्टिरिओ असला, तरी एक बँड डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असे काही ऐकू येणार नाही. तुम्हाला सुटे ऐकू येतात ते वाद्यांचे विभाग. लयींची टक्कर त्यांतून आपल्या कानांनी जुळवून घ्यावी लागते. मला तर त्या भागापुरता मोनोचा गलकाच अधिक रुचतो, कारण त्या भागामागच्या कथेतल्या, चार जुलैच्या (अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या) सहलीत वाट चुकलेल्या मुलाच्या कानांवर जे आदळत असेल, त्याच्या तो अधिक जवळचा आहे.

अंतर हाच ज्यांचा प्राण आहे अशा रचना निराळ्या. ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’मध्ये तंतुवाद्ये इतरांपासून दूर, शक्य तर पडद्याआड असावीत, अशी आइव्ह्ज यांचीच अपेक्षा आहे. चौथ्या सिंफनीत हार्प आणि काही व्हायोलिनांचा एक दूरस्थ गट आहे. संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी ती १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रथमच संपूर्ण सादर केली आणि कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रितही केली. तिथे मोनोचा पर्याय मी सुचवणारच नाही.

मंद्रसप्तक

तिघांचेही आभार. याच कसोटीवर अमेरिकी संगीतकार ॲरन कोपलंड यांची तिसरी सिंफनीही पडताळून पाहायची आहे. १९५८ मध्ये एव्हरेस्ट कंपनीसाठी त्यांनी स्वतः संचालन करून लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेले ध्वनिमुद्रण घ्यावे काय?

जुनी सुई

जरूर घ्या, मात्र तबकडी घेणार असाल तर मुखपृष्ठाच्या भरवशावर राहू नका. एव्हरेस्टच्या नंतरच्या काळातल्या स्वस्त आवृत्त्यांचा दर्जा फार उतरलेला आहे. विक्रेत्याला आधी शेवटची दहा मिनिटे वाजवून दाखवायला सांगा, कारण तिथे ब्रास (पितळी फुंकवाद्ये) आणि ढोल एकत्र उसळतात आणि झिजलेल्या तबकडीचा आवाज नेमका तिथेच फाटतो.