पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवर छोटं इंजिन चालेल का?

प्रश्न: माझ्याकडे १०० सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीने पाण्याचं विघटन करून त्या वायूवर ते चालवायचंय. पाण्यातून वीज वाहावी म्हणून मीठ टाकलं तर चालेल ना?

उत्तर १: मीठ अजिबात नको, क्लोरीन निघतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, तेही हातमोजे आणि चष्मा घालूनच.

उत्तर २: हायड्रोजनवर इंजिन छान चालतं, मी सिलिंडरमधल्या वायूवर चालवलंय. अडचण वायू पुरवण्याची आहे. पाण्याचं विघटन करणारे सहा सेल एकसर (एकामागे एक) जोडून २० अँपिअर दिले, म्हणजे २४० वॉट, तर तासाला जेमतेम ५० लिटर हायड्रोजन मिळतो. त्यात ऊर्जा साधारण १५० वॉट-तास, आणि छोटं इंजिन त्यातला फार तर पाचवा भाग कामाला लावतं. राहिले ३०! एवढ्यावर तुमचं इंजिन रिकामंसुद्धा फिरणार नाही. त्याच बॅटरीवर सरळ मोटर लावा, कितीतरी जास्त काम होईल.

तरीही प्रयोग करायचाच असेल तर सेल आणि इंजिन यांच्यामध्ये पाण्याचा बबलर (वायू पाण्यातून बुडबुड्यांनी जाऊ देणारं भांडं) हवाच, उलटी आलेली ज्वाळा अडवायला. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेट घेतो. आणि ऑक्सिजन मिसळलेला वायू कृपा करून साठवू नका.

प्रश्नकर्ता: इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कशी ठेवू?

उत्तर २: उशिरा ठेवा. हे मिश्रण पेट्रोलपेक्षा फार वेगाने जळतं.